पबमधील पंगत

गेल्या कार्तिकातील गोष्ट. ठाण्यास नोकरीस असलेला आमचा पुतण्या दिवाळीची रजा संपवून निघताना ओसरीवर बसला होता. चहाचा पेला खाली ठेवीत तो म्हणाला, “काका, पुढच्या शनिवारी तुम्ही आणि तुमचे दोघे मित्र संध्याकाळी माझ्याकडे जेवायला यायचे. घरी नव्हे, बाहेर. आमच्या कचेरीजवळ एक चांगला पब आहे.”

‘पब’ हा शब्द उच्चारला गेला मात्र, माजघरात पोळपाटावर चाललेले लाटणे थांबले. वडील वहिनी, म्हणजे त्याच्या मातोश्री, उंबऱ्यापर्यंत येऊन म्हणाल्या, “अरे, काकांचे वय काय, त्यांची माळ-संध्या काय, आणि तू त्यांना नेतोस कुठे?” तो हसला. “आई, तिथे जेवणही मिळते. कोणी कोणाला बळे पाजत नाही.” आम्ही स्वतः काहीच बोललो नाही. आमच्या चार पिढ्यांत मद्याचा स्पर्श नाही, आणि तो होऊ नये हीच आमची इच्छा. तथापि ज्या मुलाला लहानपणी बोट धरून शाळेत नेले, तो आज स्वतःच्या कमाईचे चार घास आपणांस घालू पाहतो, त्यास केवळ एका शब्दाच्या भयाने नाही म्हणणे आमच्याने होईना. आम्ही होकार दिला.

जन्मभर शब्दांची फोड करून सांगण्यात आयुष्य गेल्यामुळे पुतण्या गेल्यावर पहिल्याने त्या शब्दाकडे वळलो. ‘पब’ हा ‘पब्लिक हाऊस’ या दोन इंग्रजी शब्दांचा संक्षेप. त्याचा सरळ अर्थ सर्वांसाठी उघडे असलेले घर. इंग्लंडात गावोगाव असे घर असते. तेथे मद्य मिळते हे खरे, परंतु शेजारीपाजारी दिवस मावळल्यावर तेथे जमतात, जेवतात, गावच्या गोष्टी बोलतात. इंग्रजी काव्याचा आद्य प्रवर्तक मानला गेलेला चॉसर हा चौदाव्या शतकातील कवी. त्याच्या ‘कँटरबरी टेल्स’ या ग्रंथाचा आरंभ लंडनजवळच्या सदर्क येथील ‘टॅबर्ड’ नावाच्या अशाच एका पथिकगृहात होतो. यात्रेस निघालेले सरदार, संन्यासिनी, पिठाची गिरणीवाला, स्वयंपाकी असे भिन्न भिन्न दर्जाचे लोक तेथे एकत्र उतरतात. घराचा यजमान त्यांस सुचवितो की, वाटेत प्रत्येकाने गोष्टी सांगाव्या. ज्याची गोष्ट उत्तम ठरेल त्यास परत आल्यावर इतरांनी आपल्या खर्चाने याच घरी रात्रीचे भोजन द्यावे. ग्रंथ अपुरा राहिल्यामुळे ते भोजन काही कवीच्या लेखणीने वाढले गेले नाही; परंतु मित्रांसमवेत घेतलेले सायंभोजन हेच त्याला सर्वांत मोठे पारितोषिक वाटले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आपल्याकडेही ही कल्पना अपरिचित नव्हती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचे प्रकरण आहे. त्यात पानागारे कशी बांधावी हे सांगितले आहे: त्यांस अनेक दालने असावी, बसण्या-निजण्याच्या जागा वेगवेगळ्या असाव्या, सुगंध, पुष्पमाला व पाणी यांची सिद्धता असावी, आणि त्या त्या ऋतूत तेथे सुख वाटावे. गिऱ्हाईक मद्याच्या धुंदीत झोपी गेले असता त्याचा दागिना वा वस्त्र हरवले, तर दुकानदाराने ते भरून द्यावेच, शिवाय तितकाच दंडही भरावा, असा त्याचा कडक नियम आहे. मद्याचा प्रसार व्हावा असे कौटिल्यास मुळीच वाटत नाही. पण घर उघडले म्हणजे आलेल्या माणसाची जबाबदारी घरवाल्यावर येते, हे तत्त्व त्याने ओळखले होते. हे सर्व वाचून वहिनींना सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, “कौटिल्य काही ठाण्याला राहत नव्हता.” यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते.

आता आमचे दोघे सोबती सांगितले पाहिजेत. एक शहापूरचेच निवृत्त पोस्टमास्तर. दोन वर्षांपूर्वी त्यांची पत्नी निवर्तली, तेव्हापासून रात्रीचे जेवण त्यांनी जवळजवळ सोडलेच आहे. दूध-पोह्यांवर भागवितात. दुसरे मुरबाडचे गुरुजी. ते व आम्ही एकाच वर्षी शिक्षकीत लागलो, एकत्र प्रशिक्षण घेतले, आणि पुढे दोघांची गावे निराळी पडली तरी स्नेह अखंड राहिला. किन्हवलीवरून येणारी एस.टी. पकडून ते महिन्या-दोन महिन्यांनी आमच्याकडे येतात. ओसरीवर बसून चहा घेतात, नव्या-जुन्या पुस्तकांवर बोलतात, आणि जेवणाची वेळ होऊ लागली की घड्याळाकडे पाहून उठतात. “मुरबाडची गाडी चुकेल” हे त्यांचे ठरलेले वाक्य. चाळीसांहून अधिक वर्षे आम्ही ते वाक्य ऐकत आलो, आणि चाळीसांहून अधिक वर्षे आम्ही ते खरे मानीत आलो.

शनिवारी पोस्टमास्तर व आम्ही आसनगावास कसाऱ्याहून येणाऱ्या लोकलमध्ये बसलो. मुरबाडास रेल्वे नसल्यामुळे गुरुजी एस.टी.ने कल्याणला येऊन तेथे आम्हांस मिळाले. त्यांच्या खांद्यास नेहमीची कापडी पिशवी, आणि पिशवीत नेहमीची पाण्याची बाटली. पूर्वी हीच जागा फिरकीच्या तांब्याची होती. आपले पाणी आपल्यापाशी ठेवण्याची त्यांची ही रीत आम्ही नेहमी आरोग्याच्या खात्यावर जमा करीत असू.

पबच्या दाराशी आमची पावले अडखळली हे कबूल केले पाहिजे. आत उजेड मंद, वाद्यांचा आवाज मोठा, आणि बसलेली बहुतेक मंडळी आमच्या शेवटच्या विद्यार्थ्यांच्या वयाची. धोतर नेसलेले आम्ही एकटेच. इतक्यात काळा अंगरखा घातलेला एक पोऱ्या पुढे आला आणि हात जोडून म्हणाला, “या आजोबा, या. आवाज लागेल तुम्हांला, तिकडे कोपऱ्यात बसा.” त्याने आम्हांस खिडकीजवळच्या मेजाशी नेले, गुरुजींसाठी खुर्ची मागे ओढली, जवळच्या ध्वनिक्षेपकाचा आवाज कमी करविला, आणि काही विचारण्यापूर्वी चार पेल्यांत पाणी ओतले.

गुरुजींनी त्याचे बोलणे ऐकून विचारले, “कुठला रे बाळा तू?” तो म्हणाला, “टोकावड्याकडचा. मुरबाड तालुका.” झाले! भाताची झोडणी उरकली का, यंदा परतीच्या पावसाने पीक आडवे केले की काय, अशी चौकशी सुरू झाली. त्यानेही हातातले तबक क्षणभर विसरून उत्तरे दिली. नगरातील त्या अनोळखी घरात आमच्या गावची माती अशी अवचित भेटली. पोस्टमास्तर पेला उचलून म्हणाले, “मुलगाही आपल्याकडचा आणि पाणीही आपल्याकडचे.” ते बोलणे यथार्थ होते. भातसा नदीचे पाणी ठाणे शहरास जाते आणि तिच्यावरील धरण आमच्या शहापूर तालुक्यात आहे. तानसा तलाव तर १८९२ पासून मुंबईची तहान भागवीत आहे. आणि याच तालुक्यातील कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, हीही तितकीच खरी गोष्ट.

जेवण काय होते ते सांगितले नाही तर गृहिणीवर्ग आम्हांस क्षमा करणार नाही. प्रथम निखाऱ्यावर भाजलेले पनीर आले, मग लोणी-मसाला लावलेले मक्याचे दाणे, मग पिझ्झा. दातांच्या अडचणीमुळे पोस्टमास्तर त्या शेवटच्या पदार्थाशी झगडत आहेत असे पाहून तो मुलगा आपणहून म्हणाला, “आजोबा, यादीत नाही, पण आतल्या माणसांसाठी खिचडी केली आहे. आणू का?” तुपाची धार धरलेली ती मऊ खिचडी आली, आणि दोन वर्षांनी पोस्टमास्तर रात्रीचे पोटभर जेवले. पुतण्याने व त्याच्या दोन स्नेह्यांनी आपले पेय मागविले. आमच्यासाठी लिंबू-सोडा आला. कोणी कोणास हसले नाही, कोणी कोणास आग्रह केला नाही.

परंतु त्या रात्रीची आम्हांस न विसरता येणारी गोष्ट निराळीच आहे. बसताच गुरुजींनी सवयीने पिशवीतील बाटली काढून मेजावर ठेवली होती. मुलाने ओतलेला पाण्याचा पेला त्यांनी काही वेळ नुसता पाहिला. मग तो उचलला, सावकाश सगळा प्याले, आणि बाटली पुन्हा पिशवीत टाकली. त्या क्षणी आम्हांस १९७९ सालची एक दुपार आठवली, आणि घास घशात फिरू लागला.

त्या साली आम्ही दोघे एका प्रशिक्षणवर्गासाठी जिल्ह्यातील एका गावी गेलो होतो. दुपारी जेवणास तेथील एका खाणावळीत शिरलो. मालकाने पाट मांडण्यापूर्वी दोघांची आडनावे विचारली. आमचे आडनाव ऐकून त्याने आत बोट दाखविले. गुरुजींचे ऐकून मागच्या पडवीकडे. तेथे त्यांस ॲल्युमिनियमच्या थाळीत वाढले गेले, पाणी वरून ओतले गेले, आणि जेवण झाल्यावर थाळी स्वतः घासून भिंतीवर पालथी घालावी लागली. अस्पृश्यता घटनेच्या सतराव्या कलमाने १९५० सालीच नष्ट केली होती. पंधराव्या कलमाने उपाहारगृहांची दारे सर्वांस मोकळी केली होती. १९५५ सालच्या कायद्याने असे वर्तन दंडनीय ठरविले होते. हे सर्व आम्हांस पाठ होते. वर्गात मुलांस शिकवीतही होतो. तरीही आम्ही आतल्या पाटावर बसून ऊन ऊन वरणभात जेवलो, आणि उठलो नाही. परत येताना दोघेही काही बोललो नाही. पुढच्या भेटीत त्यांच्या हाती फिरकीचा तांब्या होता, आणि तो का आहे हे विचारण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही.

आपल्या समाजात पंक्तीचा प्रश्न किती नाजूक होता, हे या मासिकाच्या वाचकांस निराळे सांगावयास नको. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने जमलेल्या मंडळींस चहा-बिस्किटे देण्यात आली. त्या मंडळींत रानडे होते, टिळक होते. गोपाळराव जोशी यांनी ती हकीकत व नावे प्रसिद्ध केली, आणि पुण्यात ग्रामण्याचे वादळ उठले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, आणि प्रायश्चित्तांनी मिटवावे लागले. एका पेलाभर चहाने एवढे, तर एका पंक्तीने काय होत असेल! पुण्या-मुंबईच्या जुन्या खाणावळींच्या पाट्यांवर ‘ब्राह्मणांची’ हा शब्द ठळक असे, आणि परगावाहून शिकावयास आलेल्या आपल्या मुलांस ती पाटी पाहून धीर येई. आम्ही ती पाटी निव्वळ निंदेचा विषय करीत नाही. परगावी घरच्यासारखे जेवण मिळावे ही इच्छा स्वाभाविक आहे. पण जी पाटी एकास धीर देई ती दुसऱ्यास दार बंद असल्याचे सांगे, हे आपण फारसे ध्यानात घेतले नाही. १९२७ साली महाडास चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, तो याच बंद दारापुढे.

उलट, ज्यांच्याकडून आपण शिकण्याची अपेक्षा केली नसती त्यांनी हे दार आधी उघडले. मुंबईच्या नाक्यानाक्यावरील इराण्यांची उपाहारगृहे घ्या. धोबी तलावाजवळची कयानीची बेकरी १९०४ सालची. बाकाच्या खुर्चीवर कोण बसला याची इराण्याने कधी आडनावावरून चौकशी केली नाही. गिरणगावातील खाणावळीही अशाच स्मरणीय. कोकणातून व घाटावरून आलेले गिरणीकामगार एका खोलीत दाटीवाटीने राहत आणि शेजारच्या एखाद्या बाईकडे महिन्याच्या बोलीने जेवत. या खाणावळवाल्या बायकांस सावकाराच्या पाशातून सोडविण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ स्थापिले. १९८२ च्या संपाने गिरण्यांचे भोंगे थांबले, परंतु त्या अन्नपूर्णांनी परक्या मुलांस घातलेले घास वाया गेले असे आम्ही म्हणणार नाही.

आणि मागे जावे तर आमच्याच मुलखात याहून जुने दाखले आहेत. मुरबाड तालुक्यातील वैशाखऱ्यावरून वर चढणारा नाणेघाट हा सातवाहनकाळचा व्यापारी मार्ग; बैलांचे तांडे कल्याण-सोपाऱ्याकडून त्याच वाटेने जुन्नरास जात. नाशिकच्या लेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याचा सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा लेख आहे. त्यात त्याने भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन व शूर्पारक या ठिकाणी चौसोपी विश्रामगृहे बांधून दिल्याचे नमूद केले आहे. शूर्पारक म्हणजे आपले नालासोपारा. ज्या भूमीत वाटसरूला छप्पर देणे हे शिलेवर कोरून ठेवण्याजोगे पुण्य मानले गेले, त्याच भूमीत एका शिक्षकास पडवीत जेवावे लागले!

यावरून पब म्हणजे काही पुण्यक्षेत्र, असे आम्ही म्हणतो असा कोणी गैरसमज करून घेऊ नये. तेथील मद्याने कित्येक घरांची धूळधाण केली आहे, आणि आमच्या आदिवासी पाड्यांवर त्या व्यसनाचे परिणाम आम्ही शिक्षक म्हणून डोळ्यांनी पाहिले आहेत. शिवाय पुतण्याने चुकविलेले बिल आम्ही चोरून पाहिले. तेवढ्या रकमेत आमच्या गावी एका कुटुंबाचा आठवड्याचा बाजार होईल. म्हणजे तेथे आडनावाचा उंबरठा नसला तरी पैशाचा आहेच, आणि टोकावड्याचा तो मुलगा पाणी ओतावयास तेथे येऊ शकतो, बसावयास नाही. हे सर्व मान्य करूनही एक गोष्ट उरते. त्या घराने आमच्या स्नेह्यास आत घेताना काही विचारले नाही.

निघावयास दहा वाजले. लोकल कल्याणला पोहोचली तेव्हा मुरबाडची शेवटची एस.टी. केव्हाच गेली होती. गुरुजी म्हणाले, “मी इथे फलाटावर बसतो. पहाटेच्या पहिल्या गाडीने जाईन.” ते उतरावयास उठले, तोच आम्ही त्यांची पिशवी धरली. “गुरुजी, आज आपल्याकडे चला.” ते काही बोलणार इतक्यात गाडी सुटली.

डब्यात गर्दी उरली नव्हती. पोस्टमास्तर खिडकीशी पेंगत होते. वासिंद गेल्यावर आम्ही म्हणालो, “गुरुजी, त्या दिवशी खाणावळीत आम्ही उठावयास हवे होते.” कोणता दिवस, हे त्यांनी विचारले नाही. थोड्या वेळाने म्हणाले, “उठला असतात, तर दोघेही उपाशी राहिलो असतो.” मग बाहेरच्या अंधाराकडे पाहत हळूच म्हणाले, “पण बरे वाटले असते.”

घरी पोहोचलो तेव्हा मध्यरात्र होत आली होती. सौभाग्यवतीने काही न विचारता माजघरात अंथरूण घातले. सकाळी स्वयंपाकघरात ताटे मांडली गेली. तांदळाची भाकरी, वालाचे बिरडे, ताक. गुरुजी आमच्या शेजारच्या पाटावर बसले. जेवण झाल्यावर त्यांनी आपले ताट उचलले आणि अगदी सहज, जणू घड्याळ विचारावे तसे विचारले, “वहिनी, ताट कुठे घासू?”

सौभाग्यवतीला १९७९ ची हकीकत आम्ही कधीच सांगितलेली नव्हती. पण तिने त्यांच्या तोंडाकडे पाहिले, पुढे होऊन ताट त्यांच्या हातातून काढून घेतले, आणि म्हणाली, “गुरुजी, राहू द्या ते. भाकरी अजून एक आहे, अर्धी अर्धी दोघांनी घ्या.” ते पुन्हा पाटावर बसले. आम्हीही बसलो. अर्धी भाकरी खावयास आम्हां दोघांस बराच वेळ लागला.

वाचकहो, एकत्र कुटुंबात राहणाऱ्या आपणां सर्वांच्या घरी असा एखादा स्नेही असतो. तो ओसरीपर्यंत येतो, चहा घेतो, आणि जेवणाच्या वेळी त्याची गाडी चुकणार असते. आपण त्यास बसा म्हणतो, परंतु एकदाच म्हणतो. त्याची गाडी खरोखर किती वाजता आहे, हे आपण एकदा विचारून पाहावे. आता दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही तिघे एकत्र जेवावयाचे ठरविले आहे. एकदा शहापुरास, एकदा मुरबाडास. मागील खेपेस मुरबाडास गुरुजींच्या घरी आम्ही जेवलो. वहिनींनी सोबत बांधून दिलेल्या दशम्या तशाच परत आणल्या, आणि त्याबद्दल त्यांनी आम्हांस काही विचारले नाही.